यंत्र आपले, भाषा कोणाची?

व्यापाऱ्याच्या गादीशेजारी संगणक येऊन बसला, या गोष्टीस आता बराच काळ लोटला. बिल त्यावर निघते, जीएसटीचे विवरणपत्र त्यावरून जाते, उधारी-वसुलीची यादी तोच काढून देतो. ज्या वस्तूवर आपला एवढा व्यवहार विसंबून आहे, तिच्या अंतरंगाविषयी आपण काय जाणतो असे कोणी विचारले, तर मात्र आपल्यापैकी बहुतेकांस निरुत्तर व्हावे लागेल. आम्हीही त्यांतलेच. मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण आणि उस्मानगंजातील धान्याच्या घाऊक व्यापारात गेलेली चाळीस वर्षे, एवढीच आमची शिदोरी. तथापि आमच्या पेढीवर घडलेल्या दोन प्रसंगांनी आम्हांस या विषयाचा छंद लावला. आणि वाचून, जाणकारांस विचारून जे थोडेबहुत उमगले, ते स्मरणिकेच्या निमित्ताने सभासद बंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत.

विषय असा : संगणकास जोडलेली यंत्रे, म्हणजे प्रिंटर, मोडेम, स्कॅनर इत्यादी, संगणकाशी कोणत्या भाषेत बोलतात, ती भाषा कोणास ठाऊक असते, आणि १९९० नंतरच्या काही वर्षांत हौशी व विद्वान मंडळींनी युनिक्सच्या धर्तीवर ज्या मुक्त कार्यप्रणाली उभारल्या, त्यांस ही भाषा मिळविण्यासाठी किती खटपट करावी लागली.

दुभाष्याचे काम

गंजात सकाळी गाड्या लागल्या म्हणजे काय दृश्य असते, ते आपण सारे जाणतोच. लातूरकडून तूर घेऊन आलेला शेतकरी मराठी बोलतो, पालमूरचा हमाल तेलुगू बोलतो, ट्रकवाला दक्खिनी बोलतो आणि मुनीम आपल्या मारवाडीत पुटपुटत पट्टी लिहितो. तरीही माल उतरतो, तोलला जातो व पैसे चुकते होतात. कारण मध्ये कोणीतरी दोन्ही बाजूंची भाषा जाणणारा उभा असतो. तो एक दिवस आला नाही की सारा खोळंबा.

संगणकात कार्यप्रणाली ही मुनिमाच्या जागी आहे. कोणत्या कामास किती वेळ द्यावयाचा, कोणाचा हिशेब कोठे ठेवावयाचा, हे ती ठरविते. परंतु प्रिंटरच्या पोटात काय चालते याची तिला कल्पना नसते. प्रत्येक यंत्राच्या कार्डावर काही क्रमांकित खाने असतात. अमुक खान्यात अमुक अंक लिहिला की कागद सरकतो. तमुक खान्यातील अंक वाचला की कागद संपला अथवा नाही हे कळते. काम झाले म्हणजे यंत्र मुनिमास हाक मारते. जुन्या संगणकांत या हाकांस ० ते १५ असे १६ क्रमांक असत. प्रिंटरचा क्रमांक बहुधा ७ व पहिल्या सीरियल जोडणीचा ४ असे. दोन कार्डांस एकच क्रमांक पडला, तर हाक कोणाची हे मुनिमास कळत नसे आणि दोन्ही कामे अडत. म्हणून त्या काळी कार्डावरील बारीक पिना हाताने बदलून क्रमांक जुळवावे लागत. हे खाने, हे अंक आणि या हाका ज्यास पाठ आहेत, अशा छोट्या आज्ञावलीस ड्रायव्हर म्हणतात. तोच हा दुभाषी.

युनिक्स ही प्रणाली १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी आरंभिली. तिची एक युक्ती व्यापाऱ्यास विशेष पटण्यासारखी आहे. तिने प्रत्येक यंत्रास एक वही मानले. वहीत लिहावे तसे प्रिंटरच्या नावे लिहिले की कागदावर छापून येते. वहीतून वाचावे तसे दुसऱ्या यंत्राकडून वाचता येते. लिहिणाऱ्यास यंत्राच्या पोटात डोकावण्याचे कारण उरत नाही. अर्थात ही सोय खरी ठरण्यास त्या वहीमागे दुभाषी उभा असावा लागतो.

रुमालाखालचा सौदा

आपल्या वडिलांच्या काळी कित्येक बाजारांत सौदा रुमालाखाली होत असे. घेणारा व अडत्या रुमालाखाली हात घालून बोटे दाबीत आणि भाव त्या दोघांसच ठाऊक राही. ज्याचा माल, तो शेतकरी समोर उभा असून आंधळा. पुढे बाजार समित्यांनी उघड लिलाव आणला. त्या वेळी अनेकांनी नाके मुरडली. परंतु उघड भावाने बाजाराचे नुकसान झाले नाही, उलट विश्वास वाढला.

यंत्रांच्या बाबतीतही असेच दोन प्रकार दिसतात. काही निर्माते आपल्या यंत्राची भाषा पुस्तिकेत छापून देत. एप्सन कंपनीच्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरांची भाषा अशी छापलेली होती. ठळक अक्षरासाठी कोणता संकेत, बारीक अक्षरासाठी कोणता, हे वाचून कोणालाही आज्ञावली लिहिता येई. परिणाम असा झाला की इतर कंपन्यांनी आपले प्रिंटरही तीच भाषा बोलणारे केले, आणि आजही बिले छापणारे पुष्कळसे डॉट मॅट्रिक्स प्रिंटर तीच भाषा समजतात. उलटपक्षी काही निर्माते भाषा रुमालाखाली ठेवीत. त्यांनी स्वतः दिलेली आज्ञावली चालेल तोवर यंत्र आपले. ती बंद पडली की यंत्र धड असूनही मुके.

या दुसऱ्या प्रकाराचा चटका रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन गृहस्थास १९८० च्या सुमारास बसला. एमआयटीच्या ज्या प्रयोगशाळेत ते काम करीत, तेथे झेरॉक्स कंपनीकडून एक लेसर प्रिंटर भेट आला होता. त्यात कागद अडकत असे. पूर्वीच्या प्रिंटरच्या आज्ञावलीत सुधारणा करून, कागद अडकताच संबंधितांस सूचना जावी अशी सोय त्यांनी केली होती. परंतु या नव्या यंत्राच्या आज्ञावलीचा मूळ पाठ मिळाला नाही. ज्या विद्वानाजवळ तो होता त्याने गुप्ततेचा करार केला होता, म्हणून त्यानेही नकार दिला. स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू नावाच्या मुक्त प्रणालीची घोषणा केली, तिच्या मुळाशी हा अनुभवही होता. येथे मुक्त याचा अर्थ फुकट असा घेऊ नये. मूळ पाठ वाचण्याची, त्यात दुरुस्ती करण्याची, प्रत काढून दुसऱ्यास देण्याची, किंबहुना विकण्याचीही मोकळीक, असा तो अर्थ आहे.

ज्याच्यापाशी जे यंत्र, त्याचा तो ड्रायव्हर

ऑगस्ट १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टॉरव्हाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने आपण एक कार्यप्रणाली लिहीत असल्याचे जाहीर केले. तीच पुढे लिनक्स म्हणून प्रसिद्धीस आली. त्या निवेदनातच त्याने नम्रपणे सांगून टाकले होते की, एटी जातीच्या हार्ड डिस्कखेरीज दुसरे काही यात बहुधा कधीच चालणार नाही, कारण त्याच्यापाशी तेवढीच आहे. पहिल्या आवृत्तीत कळफलक फिनलंडचा होता आणि फ्लॉपी वाचण्याची सोयही नव्हती. एखाद्या नव्या पेढीने, आमच्याकडे फक्त ज्वारी मिळेल, कारण आमच्या शेतात तीच पिकते, असे सांगावे तसा हा प्रकार!

परंतु मूळ पाठ खुला असल्याने जो येई तो आपापले यंत्र घेऊन येई. ज्याच्यापाशी फ्लॉपी होती त्याने फ्लॉपीची अडचण सोडविली. ज्याच्यापाशी साउंड कार्ड होते तो त्याच्या मागे लागला. अमेरिकेच्या नासा संस्थेच्या गॉडार्ड केंद्रातील डोनाल्ड बेकर यांनी नेटवर्क कार्डांचे कितीतरी ड्रायव्हर लिहून सर्वांस मोकळे केले. १९९४ साली त्यांनी व थॉमस स्टर्लिंग यांनी साधे १६ संगणक परस्परांस जोडून त्यांकडून मोठ्या यंत्राचे काम करून घेतले. बेओवुल्फ या नावाने ते प्रसिद्ध आहे. ही जोडणी स्वस्तात शक्य झाली, कारण बाजारात मिळणाऱ्या सामान्य कार्डांचा दुभाषी आधीच तयार होता. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीत सुमारे १०,००० ओळी होत्या. मार्च १९९४ च्या १.० आवृत्तीत त्या १,७६,२५० झाल्या.

व्यापाऱ्यांनी ध्यानी घ्यावी अशी आणखी एक गोष्ट आहे. लिनक्सच्या आरंभीच्या परवान्यात प्रत देण्याबद्दल पैसे घेण्यास मनाई होती. १९९२ साली ती अट काढून ग्नूचा परवाना स्वीकारण्यात आला. त्यानुसार प्रतीचे पैसे घ्यावयास हरकत नव्हती; मात्र घेणाऱ्यास मूळ पाठ मिळाला पाहिजे. धर्मादाय म्हणून वाटलेली वस्तू गावापुरती राहते. रास्त नफ्याने विकली जाणारी वस्तू देशोदेशी जाते. हा न्याय येथेही दिसून आला.

त्याच सुमारास विल्यम व लिन जोलिट्झ या दांपत्याने बर्कलेचे युनिक्स साध्या ३८६ संगणकावर आणले आणि १९९२ मध्ये ३८६बीएसडी या नावाने प्रसिद्ध केले. लोकांनी त्यासही दुरुस्त्या पाठविल्या. परंतु त्या मूळ प्रतीत वेळेवर सामावल्या जाईनात. अखेर १९९३ मध्ये काहींनी नेटबीएसडी व काहींनी फ्रीबीएसडी अशा वेगळ्या पेढ्या काढल्या. दान देणारे पुष्कळ असले तरी घेऊन नीट मांडून ठेवणारा कोठारी नसेल, तर संस्था दुभंगते, हा धडा आपल्या संघांसही लागू पडावा.

पडद्यावर चित्र उमटविणाऱ्या कार्डांची कथा सर्वांत बिकट. १९९२ पासून एक्सफ्री८६ या गटाने हे काम हाती घेतले. काही कार्डांची माहिती निर्मात्यांनी दिली, काहींनी साफ नाकारली. वापरणाऱ्यास आपल्या पडद्याच्या गतीचे आकडे स्वतः शोधून लिहावे लागत, आणि चुकीचे आकडे लिहिल्यास पडदा जळण्याचीही भीती असे. ज्यांनी माहिती नाकारली, त्यांचे कार्ड घेऊ नका, असे जाणकार एकमेकांस सांगत. गिऱ्हाईक हळूहळू वळले, तसे निर्मातेही वळले. बाजाराचा हा नियम सर्वत्र सारखाच.

आमच्या पेढीवरील पहिला प्रसंग

आपल्या हैदराबादेस संगणक अपरिचित नव्हता. येथील ईसीआयएल या सरकारी कंपनीची स्थापना १९६७ सालची, आणि तिने त्याच दशकात संगणक बांधण्यास आरंभ केला होता. परंतु लिनक्स सामान्य माणसाच्या हाती आले ते एका मासिकामुळे. पीसीक्वेस्ट या इंग्रजी मासिकाने १९९६ पासून अंकासोबत लिनक्सची सीडी देण्याचा उपक्रम केला. त्यामागे बंगळूरचे अतुल चिटणीस यांचा पुढाकार होता. चिटणीस २०१३ साली निवर्तले. परंतु टेलिफोनच्या तारेवरून एवढा मोठा ग्रंथसंभार उतरवून घेणे ज्या काळी अशक्यप्राय होते, त्या काळी त्यांनी तो घरोघर पोहोचविला, हे विसरता येणार नाही.

१९९९ च्या दिवाळीत आमच्या पुतण्याने, जो त्या वेळी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षास होता, अशीच एक सीडी आणून पेढीच्या संगणकावर चढविली. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर तत्काळ चालला. ज्वारीची पट्टी खडखडत बाहेर आली, तेव्हा आम्हांसही कौतुक वाटले. मोडेम मात्र हूं की चूं करीना. दुकानदाराने तो, एकदम नवा व स्वस्त, म्हणून आम्हांस दिला होता. पुतण्याने दोन रात्री जागून काढल्या. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "काका, या मोडेममध्ये मोडेम अर्धाच आहे."

त्याचे म्हणणे असे की, आवाजाचे अंकांत रूपांतर करण्याचे खरे काम निर्मात्याने कार्डावरून काढून संगणकाच्याच गळ्यात घातले होते. ते काम करणारी आज्ञावली फक्त विंडोजसाठी होती व तिचा मूळ पाठ गुप्त. म्हणून यंत्र स्वस्त. याउलट डब्यासारखा बाहेर ठेवावयाचा मोडेम महाग खरा, पण तो स्वतःच सारे काम करी व हेझ कंपनीने १९८१ मध्ये रूढ केलेल्या उघड संकेतांवर चाले. दुप्पट-तिप्पट पैसे मोजून आम्ही तसा मोडेम आणला, आणि तो कोणत्याही प्रणालीवर निमूटपणे चालला. स्वस्त पोत्याचे वजन घरी येऊन केल्यावर कळावे, तसे आम्हांस झाले. दुकानदाराने फसविले असे आम्ही म्हणत नाही. त्यासही ते ठाऊक नसावे. विचारावयाचे काय, हे आम्हांसच ठाऊक नव्हते.

दुसरा प्रसंग

आमच्या आजोबांच्या काळच्या, हाली सिक्क्यात हिशेब मांडलेल्या वह्या माळ्यावर होत्या. कागद ठिसूळ झाला होता. पान उलटले की कोपरा हाती येई. त्यांच्या प्रतिमा काढून ठेवाव्यात म्हणून २००१ मध्ये आम्ही स्कॅनर घेतला. व्यापाराच्या धबडग्यात काम रेंगाळले. निम्म्या वह्या झाल्या. २००७ मध्ये पेढीवर नवा संगणक आला, त्यावर नवी प्रणाली होती, आणि तिने या स्कॅनरास ओळखच दिली नाही. निर्मात्याकडे विचारणा केली तेव्हा, त्या जुन्या मालासाठी आता ड्रायव्हर निघणार नाही, नवीन यंत्र घ्यावे, असे उत्तर मिळाले. सहा वर्षांचे, एक ओरखडाही नसलेले यंत्र!

पुतण्या तोवर नोकरीस लागला होता. एका रविवारी त्याने अडगळीतील जुन्या संगणकावर लिनक्स चढविले आणि स्कॅनर जोडला. तो चालू झाला. लिनक्सच्या जगात स्कॅनरांसाठी सेन नावाचा एक सामायिक उद्योग १९९०च्या दशकापासून चालला आहे. आमच्या यंत्राची भाषा निर्मात्याने कोणास सांगितली नव्हती. कोणा दूरदेशीच्या गृहस्थाने संगणक व स्कॅनर यांच्यामधून जाणारे अंक टिपून, महिनोन्‌महिने ताडून ती शोधून काढली व सर्वांसाठी ठेवून दिली होती, असे पुतण्याने सांगितले. त्यास उस्मानगंज ठाऊक नव्हते, आम्हांस त्याचे नाव ठाऊक नाही. पुढील दिवाळीच्या आत उरलेल्या वह्या झाल्या. त्यानंतरच्या पावसाळ्यात माळ्यावर पाणी शिरले आणि सहा वह्यांचा लगदा झाला. आज आजोबांचे हस्ताक्षर आमच्या नातवंडांस दिसते ते त्या अनामिकाच्या ज्ञानदानामुळे.

कुलूपबंद ज्ञान

आपल्या समाजास ही गोष्ट नवी वाटू नये. मूडबिद्रीच्या भांडारात धवला, जयधवला इत्यादी सिद्धांतग्रंथांच्या ताडपत्रांवरील प्रती शतकानुशतके जपून ठेवलेल्या होत्या. यात्रेकरू त्यांचे दर्शन घेत; वाचणे मात्र कोणाच्या वाट्यास येत नसे. मुंबईचे शेठ माणिकचंद, सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद आदींच्या खटपटीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्या नकला होऊ लागल्या, आणि १९३९ मध्ये डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादकत्वाखाली अमरावतीहून पहिला भाग छापून निघाला. ज्यांनी ते ग्रंथ जपले त्यांचे ऋण आहेच. तरी ते वाचता आले, ते नकला निघाल्या म्हणून. आणि या कामी पुढे सरसावलेले शेठ आपल्यासारखेच व्यापारी होते. शास्त्रदानास आपण आहारदानाच्या पंक्तीस बसवितो, त्याचा अर्थ यंत्रयुगातही तोच राहतो.

मर्यादा

मुक्त प्रणालीत सारेच अमर असते, असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. ज्या ३८६ संगणकावर लिनक्सचा जन्म झाला, त्यासाठीचा आधार २०१२ च्या डिसेंबरात मूळ पाठातून काढण्यात आला. सांभाळण्याचा खर्च फार आणि वापरणारे जवळजवळ कोणी नाहीत, म्हणून. सांभाळणारा आहे तोवर वस्तू टिकते. भेद एवढाच की, येथे निर्मात्याने सोडलेली वस्तू दुसरा कोणी उचलू शकतो, व जुनी प्रतही कोणी हिरावून घेत नाही. आजही काही कार्डांच्या आत निर्मात्याची गुप्त आज्ञावली असते, आणि खिशातील अँड्रॉइड फोन लिनक्सच्या गाभ्यावर चालत असला तरी त्याचे कित्येक ड्रायव्हर बंदिस्तच असतात.

तरीही उघड लिलावाने केवढा पल्ला गाठला पाहा. आज लिनक्सच्या गाभ्यात ३ कोटींहून अधिक ओळी आहेत व त्यांतील निम्म्याहून अधिक भाग ड्रायव्हरांचाच आहे. एके काळी एकाच जातीची डिस्क चालविणाऱ्या या प्रणालीवर, नोव्हेंबर २०१७ पासून, जगातील सर्वांत वेगवान अशा ५०० संगणकांच्या यादीतील प्रत्येक संगणक चालत आला आहे. आपल्या देशात सी-डॅकने बॉस नावाची प्रणाली याच पायावर रचली, आणि हैदराबादेत स्वेच्छा ही संस्था मुक्त प्रणालींचा प्रसार तेलुगूतून करीत आली आहे.

खरेदीपूर्वी विचारावयाचे चार प्रश्न

सभासदांनी आपले संगणक उद्याच बदलावेत, असा आमचा आग्रह नाही. पेढीचे हिशेब ज्यावर चालतात ते चालू द्यावे. परंतु बिलाचा प्रिंटर, बारकोडचे यंत्र, इलेक्ट्रॉनिक काटा, हजेरीचे यंत्र अथवा कॅमेरे घेण्यासाठी चिनॉय ट्रेड सेंटरमध्ये जाल, तेव्हा भावाची घासाघीस करण्यापूर्वी चार प्रश्न अवश्य विचारा. एक, हे यंत्र लिनक्सवर चालते काय? (आपण लिनक्स वापरीत नसलात तरी विचारा, चालत असेल तर त्याची भाषा निदान दुसऱ्या कोणास ठाऊक आहे.) दोन, त्याचे संकेत पुस्तिकेत छापले आहेत काय? तीन, यातील नोंदी निर्मात्याच्या आज्ञावलीवाचून साध्या स्वरूपात बाहेर काढता येतात काय? चार, कंपनीने हा माल बंद केल्यास पाच वर्षांनी तो कोण चालवून देईल? विक्रेता उत्तर देऊ शकला नाही, तर तो अप्रामाणिक आहे असे नव्हे. पण किंमत ठरविताना आपण त्या अज्ञानाची कसर धरावी, जशी ओलसर धान्याची धरतो.

आणि घरातील मुलामुलींपैकी कोणी या मुक्त प्रणालींच्या नादी लागून रात्री जागत असेल, तर त्यांस रागे भरू नये, एवढी आमची वडीलधाऱ्यांस विनंती. आमच्या पुतण्यास आम्ही १९९९ मध्ये रागे भरलो होतो.

जय जिनेंद्र.